टँकर विमानात इजेक्शन सीट का नसते, आणि मग क्रू वाचतो कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की 29 सप्टेंबर 2020 ला कॅलिफोर्नियात हवेत इंधन भरताना एफ-35बी फायटर आणि अमेरिकन मरीन्सचं केसी-130जे टँकर, म्हणजे हवेतच दुसऱ्या विमानांना इंधन देणारं विमान, धडकले, फायटरचा पायलट इजेक्शन सीटने बाहेर पडून वाचला हे समजण्यासारखं आहे, पण टँकरमध्ये तसली सीटच नव्हती आणि तरी आतले आठच्या आठ जण जिवंत राहिले. मग हे निव्वळ नशीब होतं का, आणि मुळात इंधनाने गच्च भरलेल्या अशा ‘उडत्या बॉम्ब’मध्ये बसणाऱ्यांना बाहेर पडायची सोय का देत नाहीत?

आधी सांगून टाकतो, मी टँकरवाला नाही. चार इंजिनांची मालवाहू विमानं बरीच वर्षं उडवली आणि नंतर सिम्युलेटरवर पोरांना इमर्जन्सी शिकवण्यातच बाकीची नोकरी गेली. पण केसी-130 म्हणजे मालवाहू सी-130 चाच टँकर अवतार, आणि मोठं विमान मोडायला लागल्यावर आत काय चालतं ते मालवाहूत आणि टँकरमध्ये फारसं वेगळं नसतं, म्हणून लिहायचं धाडस करतोय.

माझ्या मते तुमचा प्रश्न थोडा सरकवून घ्यायला हवा. फायटरवाल्याचा प्रश्न असतो की बाहेर कधी पडू. टँकरवाल्याचा प्रश्न असतो की विमान अजून माझं ऐकतंय का, आणि आणखी किती मिनिटं ऐकेल. मोठ्या विमानात जगायचा मुख्य रस्ता विमानातून बाहेर जातच नाही, विमानासकट खाली जातो. बाकी सगळं, म्हणजे पॅराशूट, हॅच, लाइफ राफ्ट, हे त्याच्यानंतर येतं. आणि हो, उत्तर परिस्थितीवर खूप अवलंबून आहे. किती उंचीवर धडक झाली, पंखाला लागलं का शेपटीला, खाली शेत आहे का समुद्र, दिवस आहे का रात्र, टाकीत किती इंधन उरलंय. यातली एक गोष्ट बदलली तरी तोच क्रू, तेच ट्रेनिंग, आणि निकाल उलटा.

आता इजेक्शन सीट. ती म्हणजे खाली रॉकेट असलेली खुर्ची, वर उडून जाणारं झाकण पाहिजे, प्रत्येकाच्या डोक्यावर मोकळी जागा पाहिजे, आणि माणूस त्या खुर्चीत पट्टे बांधून बसलेला पाहिजे. टँकरमध्ये लोक एका जागी बसलेले नसतात. जुन्या केसी-135 मध्ये बूम ऑपरेटर इंधन देताना शेपटीखालच्या खोपटात पोटावर आडवा झोपून खिडकीतून बघत बूम, म्हणजे इंधन देणारी ताठ नळी, चालवतो, त्याला कुठल्या खुर्चीसकट उडवणार? केसी-130 मध्ये मागचे लोक उठून खिडकीशी जातात, होजवर, म्हणजे इंधनाच्या लवचिक नळीवर, आणि फायटरवर नजर ठेवतात. वर कधी कधी प्रवासी, सामान.

आणि समजा सीट दिल्या तरी काय होतं याचं उदाहरण ब्रिटिशांकडे आहे. त्यांची व्हिक्टर टँकर्स मुळात बॉम्बर होती, त्यात पाच जणांचा क्रू आणि इजेक्शन सीट फक्त पुढच्या दोन पायलटना, मागच्या तिघांनी दारातून उडी मारायची. 24 मार्च 1975 ला नॉर्थ सीवर इंधन भरायच्या सरावात बुकॅनीअर विमान व्हिक्टरच्या शेपटीला लागलं, व्हिक्टर गेलं, पाचातला फक्त कॅप्टन इजेक्ट होऊन वाचला. सीट होती तिथेही दोनातला एकच. मागच्यांना तर दारापर्यंत जायलाच मिळालं नसणार. माझं वैयक्तिक मत, दोघांना सीट आणि तिघांना दार ही व्यवस्था यंत्र म्हणून कदाचित नाइलाजाची असेल, पण क्रू म्हणून फार वाईट आहे, कारण कॅप्टनला कळत असतं की आपण हँडल ओढलं की मागचे संपले.

मग पॅराशूट तरी? केसी-135 मध्ये पूर्वी होती. कॉकपिटजवळ खालून चढायचा जो क्रू एंट्रीचा मार्ग आहे तिथूनच उडी मारायची, आणि हवेच्या झोतात माणूस बुडाला आपटू नये म्हणून तिथे पुढे एक स्पॉयलर, म्हणजे हवा अडवणारी फळी, बाहेर निघायचा, म्हणजे विचार पुरता केलेला होता. तरी 2008 मध्ये अमेरिकन एअर फोर्सने केसी-135 मधून पॅराशूट काढून टाकली. वजन, सतत तपासणी आणि पॅकिंगचा खर्च, आणि वापर जवळपास शून्य. 2013 मध्ये किर्गिझस्तानात एक केसी-135 पडलं तेव्हा यावरून बरीच बोंबाबोंब झाली की पॅराशूट असती तर.

इथे जरा थांबून उडी मारण्याचा क्रम डोळ्यासमोर आणा. पट्टे सोडायचे, ऑक्सिजन आणि हेडसेटची वायर काढायची, पॅराशूटचा हार्नेस चढवायचा, पायातले पट्टे नीट आवळायचे (ढिले राहिले तर पॅराशूट उघडताना काय होतं ते विचारू नका), केबिनचं प्रेशर सोडायचं, दार उघडायचं, आणि मग एकेक जण. सिम्युलेटरच्या शेजारच्या हॉलमध्ये, स्थिर जमिनीवर, उजेडात, हे करताना तरुण पोरांची सुद्धा तारांबळ उडते. एवढा वेळ विमान सरळ आणि शांत उडत असेल, तर ते बहुतेक वेळा उतरवता येतं. आणि सरळ उडत नसेल, गिरक्या घेत असेल, तर शरीराचं वजन तिपटी-चौपटीने वाढतं, हात उचलत नाही, चालत दारापर्यंत जायची गोष्टच सोडा. म्हणजे जिथे उडी शक्य असते तिथे गरज कमी आणि जिथे गरज असते तिथे ती शक्य नसते. अपवाद आहेत. पंखाला आग लागलीय, विझत नाहीये, खाली काळोख आणि डोंगर, अशा वेळी पॅराशूटवाला सुखी. टेस्ट फ्लाइटवर क्रू पॅराशूट घालतात ते उगीच नाही. पण रोजच्या उड्डाणात असा प्रसंग फार क्वचित.

किर्गिझस्तानचंच बघा. 3 मे 2013, मानस तळावरून उडालेलं केसी-135आर, क्रू तिघांचा. रडर म्हणजे शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं उभं पातं, त्याच्या पॉवर कंट्रोल युनिटमध्ये बिघाड, त्यामुळे शेपटी हळूहळू डावी-उजवीकडे डोलायला लागली. मागे झुकलेले पंख असलेल्या विमानात हे डोलणं पंखांच्या वर-खाली होण्याशी जोडलं जातं आणि वाढत जातं, याला डच रोल म्हणतात. यात रडर वापरून विमान सावरायला गेलं की उलट डोलणं वाढतं, आणि चौकशीत हेच निघालं की मूळ बिघाड नीट ओळखला गेला नाही, रडर वापरला गेला, शेवटी शेपटीच तुटून निघाली. तिघेही गेले. एकदा शेपटी गेली की पॅराशूट कपाटात असो नसो, काही फरक नाही. मला विचाराल तर त्या अपघातातला धडा पॅराशूटचा नव्हता, डच रोलचं ट्रेनिंग आणि त्या युनिटची देखभाल याचा होता, पण बातम्यांना पॅराशूट जास्त समजतं.

2017 चं मिसिसिपीचं प्रकरणही तसंच. मरीन्सचंच केसी-130टी, दुसऱ्या इंजिनाच्या प्रोपेलरचं एक पातं गंजामुळे पडलेल्या भेगेतून निखळलं आणि विमानाच्या अंगातून आरपार गेलं. विमान हवेतच फुटलं. सोळा जण, एकही वाचला नाही. तो गंज कित्येक वर्षं आधी वर्कशॉपमध्ये पकडायला हवा होता. अशा वेळी क्रूच्या हातात करण्यासारखं काहीच नसतं, त्यांचं मरण वर्कशॉपमध्येच ठरून गेलेलं असतं.

आता तुमचं 2020 चं विमान, ज्याचा कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, रेडर 50. इथे मी जरा रेंगाळणार, कारण यात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

केसी-130जे चे पंख वर, विमानाच्या पाठीवर, आणि पंखाला चार टर्बोप्रॉप इंजिनं, प्रत्येकाला सहा पात्यांचा प्रोपेलर. बाहेरच्या इंजिनांच्या पलीकडे पंखाखाली इंधनाचे पॉड, त्यातून होज मागे सोडतात आणि टोकाला बास्केट, फायटरने आपला नळा त्या बास्केटमध्ये घालायचा. फायटर टँकरच्या किती जवळ असतं ते यावरून समजेल. काही बिनसलं तर रेडिओवर ‘ब्रेकअवे, ब्रेकअवे, ब्रेकअवे’ असं ओरडायचं, फायटरने पॉवर कमी करून खाली-मागे जायचं आणि टँकरने पुढे निघायचं, हे इतकं घोटून घेतात की झोपेतही हात हलावा. तरी धडक होते. त्या दिवशी टँकरची उजव्या बाजूची दोन्ही इंजिनं निकामी झाली आणि इंधन गळायला लागलं.

एकाच बाजूची दोन इंजिनं जाणं हे माझ्या धंद्यात सगळ्यात घाणेरड्या इमर्जन्सींपैकी एक. चारातली दोन गेली म्हणजे ताकद निम्मी, एवढंच नाही. डावीकडची दोन ओढतायत आणि उजवीकडे काहीच नाही, होडीला एकाच बाजूने वल्हं मारल्यासारखं, विमानाचं नाक उजवीकडे वळत राहतं. ते थांबवायला डावा रडर दाबून धरायचा, आणि दाबून धरायचा म्हणजे पाय थरथरायला लागेपर्यंत, विमान किंचित डाव्या पंखावर झुकवायचं. आता गोम अशी की रडर हवेच्या झोतावर चालतो. वेग कमी झाला की रडरची ताकद कमी होते, पण डाव्या इंजिनांची ओढ काही कमी होत नाही. म्हणून एक किमान वेग असतो, त्याच्याखाली गेलात तर पूर्ण पाय दाबूनही नाक थांबत नाही, विमान मेलेल्या इंजिनांच्या बाजूला उलटतं, आणि जमिनीजवळ असाल तर खेळ खल्लास. एक इंजिन गेलं तर हा वेग एक, दोन गेली तर बराच वर. त्यात मोडक्या प्रोपेलरची पाती हवेला आडवी राहिली, फेदर झाली नाहीत, म्हणजे हवेच्या धारेत वळली नाहीत, तर तो पंख अजून मागे खेचला जातो.

मग पायलट काय करतो? उंची विकून वेग विकत घेतो. नाक खाली घालायचं, वेग राखायचा. लोकांना वाटतं विमान कोसळतंय, पण तो इमर्जन्सी डिसेंट मुद्दाम केलेला असतो, आग असेल तर लवकर खाली यायचंच असतं. अवघड भाग शेवटचा. जमीन जवळ आली की वेग कमी करावाच लागतो, आणि तेव्हा चांगल्या इंजिनांची पॉवरही मागे घ्यायची, म्हणजे ओढ जाते, नाक सरळ होतं, पण आता परत वर जायचा रस्ता बंद. पुन्हा पॉवर दिली तर विमान उलटणार. त्यामुळे एकच चान्स. रनवेपर्यंत पोचत नसेल तर समोर जे सपाट दिसेल तिथे, आणि ते वेळेत ठरवायचं. सिम्युलेटरवर मी बघितलंय, चांगले चांगले पायलट रनवे दिसला की त्याच्याकडे ताणत जातात, अजून थोडं, अजून थोडं, आणि त्या ताणण्यात वेग गमावतात. रेडर 50 च्या पायलटांनी थर्मल गावाजवळचा विमानतळ जवळ असतानाही शेतात उतरवलं. माझ्या दृष्टीने सगळी करामत त्या निर्णयात आहे. रनवेचा मोह सोडणं सोपं नसतं हो.

त्यांचं रेडिओवरचं बोलणं नंतर सगळीकडे फिरलं, तुम्ही ऐकलं असेल. मेडे (संकटाची हाक) तीनदा, आम्ही कोण, हवेत धडक झालीय, दोन इंजिनं बंद, इंधन गळतंय, बहुधा आग आहे, इमर्जन्सी डिसेंटमध्ये आहोत. बस्स. काही सेकंदांत कंट्रोलरला लागणारं सगळं सांगून मोकळे. यात मदत मागितलेली नाही हे लक्षात घ्या, कारण त्या क्षणी जमिनीवरचा माणूस काही करू शकत नाही, फक्त बाकीची विमानं बाजूला काढू शकतो आणि अग्निशमनवाल्यांना कुठे पळायचं ते सांगू शकतो. आधी विमान उडव, मग कुठे जायचं ते बघ, मग बोल, हा क्रम आम्ही पहिल्या दिवसापासून डोक्यात घालतो आणि तरी घाबरलेला माणूस आधी बोलायलाच लागतो.

विमानाच्या घडणीनेही साथ दिली. सी-130 च्या घराण्यात कंट्रोल हलवायला दोन हायड्रॉलिक सिस्टिम असतात, एक डावीकडच्या दोन इंजिनांवर आणि दुसरी उजवीकडच्या दोन इंजिनांवर चालते. म्हणजे एका बाजूची दोन्ही इंजिनं गेली तरी दुसऱ्या बाजूची सिस्टिम कंट्रोलला जोर देत राहते. पंख वर असल्यामुळे इंजिनं आणि इंधनाच्या टाक्या जमिनीपासून लांब, पोटावर घसरत गेलं तर आधी पोट झिजतं. आणि शेपटी शाबूत राहिली. फायटर चार-पाच मीटर इकडेतिकडे लागलं असतं तर मी हे उत्तर लिहीत बसलो नसतो. नशीब म्हणायचं ते हे.

इंजिनं गेली म्हणून टँकर गेलंच असं नसतं, याची जुनी उदाहरणंही आहेत. 6 फेब्रुवारी 1991, आखाती युद्धात, एक केसी-135 दुसऱ्या विमानाच्या मागच्या खवळलेल्या हवेत सापडलं, इतक्या जोरात हेलकावे बसले की डाव्या पंखावरची दोन्ही इंजिनं निखळून पडली, आणि उरलेल्या दोनांवर क्रूने ते जेद्दाहला परत आणून उतरवलं. मागे झुकलेल्या पंखांचं विमान, डाव्या पंखावर काहीच नाही! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

18 मे 2011 चं पॉइंट मुगूचं अजून वेगळं. तिथे अमेरिकन नेव्हीसाठी काम करणारं एका खाजगी कंपनीचं बोइंग 707 टँकर टेकऑफ घेत होतं, चाकं जेमतेम उचलली आणि दोन नंबरचं इंजिन तुटलं, ते एक नंबरच्या इंजिनाला लागलं. त्या उंचीवर, इंधनाने भरलेलं विमान घेऊन, दोन इंजिनांवर चढायचा प्रयत्न म्हणजे वर सांगितलेलं उलटणं. पायलटने नाक खाली घालून परत टेकवलं, विमान रनवे सोडून दलदलीत गेलं, पेटलं, जळून खाक झालं. तिघेही बाहेर आले. विमान वाचवायचा नाद सोडला म्हणून माणसं वाचली. चौकशीत काय निघालं? इंजिन धरून ठेवणारी एक फिटिंग, जी फार पूर्वीच बदलायचा आदेश होता, ती जुनीच होती, आणि आधीच्या मालकाच्या वेळच्या नोंदीत मात्र बदलली असं लिहिलेलं. परत कागद आणि वर्कशॉप. मी हे मुद्दाम परत परत आणतोय, कारण लोक पायलटच्या शौर्याबद्दल विचारतात आणि मेकॅनिकबद्दल कोणी विचारत नाही.

आता इंधनाकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नात ‘उडता बॉम्ब’ असा शब्द होता. केसी-135 जास्तीत जास्त नव्वद टनांच्या आसपास इंधन देऊ शकतं, केसी-130जे साधारण सव्वीस टन. आकडा मोठा आहे, पण द्रव इंधन स्फोटकासारखं फुटत नाही. हल्लीचं लष्करी जेपी-8 हे रॉकेलच्या जातीचं, 38 अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय त्याची वाफ पेट घेण्याइतकी जमत नाही. आधीचं जेपी-4 फार वाईट होतं, ते थंडीतही पेटायचं, ते काढून टाकल्यावर कितीतरी लोक वाचले असतील. घात होतो तो टाकी फाटून इंधनाचे बारीक तुषार उडाले की, तुषार कुठल्याही तापमानाला पेटतात आणि समोर गरम इंजिन तयारच असतं. 17 जानेवारी 1966 ला स्पेनमधल्या पालोमारेसवर 31,000 फुटांवर बी-52 बॉम्बर मागून जास्त वेगाने आलं आणि केसी-135 ला लागलं, टँकर तिथेच पेटून फुटलं, चारही जण गेले. बी-52 मधले सातातले चार मात्र पॅराशूटने उतरले. (त्यात हायड्रोजन बॉम्ब होते म्हणून ते प्रकरण सगळ्यांना माहीत, टँकरवाल्यांची आठवण कोणी काढत नाही.) बऱ्याच लष्करी विमानांच्या टाकीत स्पंजासारखा फोम भरतात किंवा नायट्रोजन सोडतात, ते टाकीतली वाफ पेटू नये म्हणून. माझ्या हातात पैसा दिला तर पॅराशूटच्या आधी मी तिकडे खर्च करीन.

इंधन ओतून टाकता येत नाही का असं विचाराल. येतं, आणि वजन कमी झालं की उतरायचा वेग कमी होतो, ते चांगलंच. पण त्याला मिनिटं लागतात आणि पंख पेटलेला असताना मागे इंधनाची धार सोडायची का, हा विचार करावा लागतो. रेडर 50 सारख्या वेळी त्याला फुरसत नसते.

मग जमिनीला टेकलं, थांबलं. इथून पुढचं कोणी विचारत नाही आणि इथेच माणसं मरतात. नागरी विमानांना नव्वद सेकंदांत, निम्मी दारं बंद धरून, सगळे बाहेर काढून दाखवावे लागतात, तोच हिशोब डोक्यात ठेवा. धूर आत यायला लागला की दोन-चार श्वासांत डोकं चालेनासं होतं.

सी-130 मध्ये खाली येतानाच घंटेने इशारा द्यायची पद्धत आहे, सहा छोट्या घंटा म्हणजे तयारी करा, आणि टेकायच्या जरा आधी एक लांब घंटा म्हणजे धरून बसा. मधल्या वेळात मागच्या लोकांनी सुटं सामान बांधायचं, नाहीतर तेच मागून येऊन डोक्यात बसतं, खांद्याचे पट्टे आवळायचे, आणि आपला हॅच कुठला ते हाताने चाचपून घ्यायचं. डोळ्यांनी बघून नाही, हाताने, कारण नंतर दिसणार नाही. सी-130 ला छतातही हॅच आहेत, दारं वाकून अडकली तर वरून निघायचं. सरावात सगळ्यात जास्त लोक कशात अडकतात माहितीये? हेडसेटच्या वायरमध्ये. पट्टे सोडतात, उठतात, आणि मान मागे खेचली जाते, मग गोंधळतात, परत बसतात, परत पट्टा शोधतात. म्हणून मी पोरांना सांगायचो की आधी डोक्यावरचं काढून फेका, मगच पट्ट्याला हात लावा. बाहेर पडल्यावर वारा जिकडून येतोय त्या बाजूला, फिरत्या प्रोपेलरपासून लांब, आणि एका जागी जमून डोकी मोजायची. डोकी मोजली नाहीत तर बाहेर आलेलाच माणूस शोधायला कोणीतरी परत आत जातो.

समुद्रावर हेच गणित बिघडतं. 6 डिसेंबर 2018 ला जपानच्या किनाऱ्याजवळ, रात्री, मरीन्सचंच केसी-130जे आणि एफ/ए-18 धडकले, टँकरमधले पाचही गेले, फायटरमधल्या दोघांतला एक वाचला. पंख वर असण्याचा जमिनीवर जो फायदा, तो पाण्यावर तोटा होतो, कारण माणसं बसतात तो भाग पंखाखाली, आधी तोच बुडतो. त्यात रात्र आणि थंड पाणी. रेडर 50 ची धडक तिथे झाली असती तर तेच पायलट, तोच निर्णय, तरी मी आठ जण वाचले असते असं म्हणायला धजावणार नाही.

तर तुमच्या ‘नशीब का’ ला माझं उत्तर असं. शेपटी राहिली, दिवस होता, खाली सपाट शेत होतं, एवढं नशीब. वेग सांभाळला, रनवेचा हट्ट सोडला, मागच्यांनी आपापली कामं केली, हे ट्रेनिंग. दोन्ही लागलं.

आणि पुढच्या वेळी अशी बातमी आली तर इजेक्शन सीट आणि पॅराशूटच्या चर्चेत वेळ घालवू नका. आधी बघा की मलबा एकाच ठिकाणी पडलाय का मैलभर पसरलाय. एकाच ठिकाणी आणि घसरत गेल्याच्या खुणा असतील तर विमान शेवटपर्यंत कोणीतरी उडवत होतं, अशा वेळी लोक वाचले असण्याची आशा धरायला जागा असते. शेपटी एका गावात आणि कॉकपिट दुसऱ्या गावात असेल तर विमान वरच फुटलंय, मग चौकशीचा अहवाल येईपर्यंत थांबा आणि आला की देखभालीचं प्रकरण आधी वाचा.